खणाची उशी आणि घडीचं अनुमान

मंडळी, मागच्या व्याख्यानात आपण अनुमान म्हणजे काय ते पाहिलं. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी असला पाहिजे, हे न्यायशास्त्राचं लाडकं उदाहरण. शेकडो वर्षं वापरून वापरून तो अग्नी आता जरा मंदावला आहे. म्हणून आज आपण दुसरं उदाहरण घेऊ. उशीच्या अभ्र्याचं.

खणाचं कापड आपल्या सगळ्यांच्या परिचयाचं. उत्तर कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचं हे विणकाम आपल्याकडे चोळीसाठी आणि ओटीसाठी पिढ्यान्‌पिढ्या वापरलं गेलं. आता त्याचे अभ्रे होतात, पर्सेस होतात, आकाशकंदीलसुद्धा होतात, आणि घरबसल्या हा व्यवसाय करणाऱ्या कितीतरी जणी ते ऑनलाइन विकतात. अडचण अशी, की खण पंधरा रंगांत येतो. पंधरा अभ्रे शिवा, पंधरा उशा भरा, पंधरा वेळा फोटो काढा, हे परवडत नाही. मग एकाच पांढऱ्या उशीचा फोटो काढायचा आणि फोटोशॉपमध्ये तिच्यावर एकेक खण चढवायचा. यात गैर काहीच नाही. पण तो चढवताना आपण नकळत एक अनुमान करतो, आणि ते चुकलं की फोटोही चुकतो.

आधी साधी गोष्ट. खणाचा सपाट फोटो उशीवर ठेवला आणि उशीच्या आकारात कापला, तर काय दिसतं? भिंतीवर चिकटवलेला कागद. उशी फुगलेली, कापड मात्र इस्त्री करून ताणलेलं. डोळा हे एका क्षणात पकडतो, का ते सांगता येत नसलं तरी. कारण दोन गोष्टी नसतात: सावली नसते, आणि घडीबरोबर नक्षीचं वाकणं नसतं.

सावलीचं उत्तर गुणाकारात आहे. खणाचा लेयर वर ठेवून त्याला ‘मल्टिप्लाय’ पद्धत लावली, की प्रत्येक बिंदूपाशी वरच्या आणि खालच्या लेयरच्या किमती गुणल्या जातात आणि २५५ ने भागल्या जातात. पांढऱ्याची किंमत २५५, म्हणून खाली शुभ्र पांढरं असेल तिथे खण जसाच्या तसा दिसतो. खाली सावली असेल तिथे तो काळवंडतो. पण गंमत बघा. आपली पांढरी उशी फोटोत खरोखर पांढरी नसतेच. घरातल्या उजेडात ती २०० च्या आसपास येते. आता खणाच्या लाल रंगाची किंमत १८० असेल, तर १८० गुणिले २०० भागिले २५५, म्हणजे १४१. सगळा खण एक पायरी मळकट झाला! म्हणून आधी उशीच्या फोटोतला रंग काढून टाकायचा, आणि ‘लेव्हल्स’ वापरून तिचा उजळ सपाट भाग २५० पर्यंत उचलायचा. मग तोच हिशेब १७६ वर येतो. पुष्कळ लोक ही पायरी गाळतात आणि नंतर खणाचा रंगच भडक करत बसतात. एका खोटेपणावर दुसरा.

आता वाकण्याकडे येऊ. इथेच आमचं शास्त्र कामाला येतं. फोटोशॉपमध्ये ‘डिस्प्लेस’ नावाचा फिल्टर आहे. त्याला उशीचा करडा फोटो वेगळी पीएसडी फाइल म्हणून द्यायचा, आणि त्या फोटोच्या उजेड-अंधारानुसार तो खणाचे बिंदू इकडेतिकडे सरकवतो. मधला करडा, म्हणजे १२८, तिथे काहीच हलत नाही. काळ्याकडे एका दिशेला, पांढऱ्याकडे उलट दिशेला. प्रमाण १०० ठेवलं तर जास्तीत जास्त १२८ पिक्सेल, १० ठेवलं तर साधारण १३. अभ्र्याला १० च्या आसपास पुष्कळ होतं.

म्हणजे हा फिल्टर काय मानतो? ‘जिथे अंधार, तिथे खळगा.’ जिथे धूर तिथे अग्नी, तशीच ही व्याप्ती. पण ती खरी आहे का? उशीवर चहाचा डाग असेल तर तोही अंधारच. मागच्या खिडकीच्या गजाची सावली पडली असेल तर तोही अंधारच. फिल्टर बिचारा डागाचा खळगा करतो आणि गजाच्या सावलीची घडी करतो. हेतू आहे पण साध्य नाही. याला नैयायिक सव्यभिचार हेत्वाभास म्हणतात.

पण नैयायिक इथे थांबत नाहीत, आणि तेच त्यांचं मोठेपण. उलटं अनुमान घ्या: अग्नी आहे म्हणून धूर आहे. हे चुकतं, कारण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. मग धूर केव्हा येतो? इंधन ओलं असेल तेव्हा. या लपलेल्या अटीला उपाधी म्हणतात. आपल्या फिल्टरच्या अनुमानालाही उपाधी आहे: कापड एकरंगी हवं, बिनडागाचं हवं, आणि उजेड एकाच बाजूने यायला हवा. ही ओलं इंधन असण्यासारखी अट आपण फोटो काढतानाच पुरी करायची. साधा पांढरा अभ्रा, एका बाजूची खिडकी, फ्लॅश बंद. समोरून फ्लॅश मारला की घड्याच पुसल्या जातात. मग अनुमानाला धूरच उरत नाही.

त्या करड्या फोटोला थोडा ‘ब्लर’ द्यायला विसरू नका. नाहीतर पांढऱ्या कापडाचा धागान्‌धागा फिल्टरला डोंगर वाटतो आणि खणाच्या बुट्ट्यांच्या कडा करवतीसारख्या होतात. आणि दोन्हींचा आकार एकच ठेवा. वेगळा असला तर सॉफ्टवेअर नकाशा ताणतं किंवा फरशीसारखा पुन्हा पुन्हा मांडतं, आणि घडी एकीकडे, नक्षीचं वळण भलतीकडे.

हे सगळं झालं तरी माझ्या मते सर्वांत मोठी लबाडी उरतेच. ती मापाची. अभ्रा ४० सेंटिमीटरचा आणि बुट्टी दर दीड सेंटिमीटरला असेल, तर आडव्या ओळीत सव्वीसेक बुट्ट्या यायला हव्यात. फोटोत अभ्रा १६०० पिक्सेल रुंद असेल तर एका सेंटिमीटरला ४० पिक्सेल, म्हणजे दर ६० पिक्सेलला एक बुट्टी. कडेला उशी मागे वळते, तिथे त्या दाटून येणार; ते ‘वार्प’ने करायचं. पण बारा मोठ्या बुट्ट्या छान ठसठशीत दिसतात म्हणून बाराच ठेवल्या, की गिऱ्हाईक समजतं बुट्टी सव्वातीन सेंटिमीटरची आहे. पार्सल उघडल्यावर तिला वाटतं, हे वेगळंच कापड पाठवलं. आणि तिचं बरोबर असतं. ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० प्रमाणे जाहिरातीत दाखवलेल्या वैशिष्ट्यांशी जुळत नसलेला माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. म्हणजे कुरिअरचा भुर्दंड त्या घरून काम करणाऱ्या बाईवरच. सावली थोडी चुकली तर फोटो कृत्रिम दिसतो, एवढंच. माप चुकलं तर फोटो अगदी खरा दिसतो आणि खोटं बोलतो. सरावलेल्या हातांचा फोटो जास्त धोकादायक असतो तो याचमुळे.

काठाचंही तसंच. काठ चारी बाजूंनी गोल वळवून दाखवू नका. शिंपी कोपऱ्यात तिरका जोड देतो. तो जोड दाखवा, किंवा काठ एकाच बाजूला सरळ ठेवा. प्रत्यक्षात जसा शिवणार तसा.

एका ताईंचा प्रश्न आलाय: धूपछाव खणाचं काय? फार चांगला प्रश्न. ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या, म्हणून कोन बदलला की रंग बदलतो. मल्टिप्लाय फक्त गडद करतो. त्याच्याकडे उजेड आहे, कोन नाही. एका फोटोतून कोन कळतच नाही, त्यामुळे इथे अनुमान लंगडं पडतं. दोन लेयर ठेवून, एक ताण्याच्या रंगाचा, एक बाण्याचा, घड्यांच्या उतारावर हाताने मास्क रंगवून जवळपास जाता येतं. पण आम्ही म्हणू, तेवढा एक अभ्रा खरंच शिवा आणि खिडकीपाशी ठेवून फोटो काढा.

दुसरा प्रश्न, फोटोशॉप विकत घ्यावंच लागतं का? नाही. गिंप मोफत आहे, त्यात मल्टिप्लाय आणि डिस्प्लेस दोन्ही मिळतात. खणाच्या सपाट फोटोत मात्र एक पट्टी ठेवून तो काढा, सेंटिमीटरची. मघाचा सगळा हिशेब त्या पट्टीवरून सुरू होतो.