फोडणीवर उगाच ठपका

डॉक्टरांनी 'खाणं सांभाळा' म्हटलं की घरात पहिली कुऱ्हाड फोडणीवर पडते. भाजी नुसती उकडलेली, वरण बिनफोडणीचं, कोशिंबिरीतलं दाण्याचं कूट बंद. चार दिवस सगळे निमूट गिळतात आणि पाचव्या दिवशी बाहेरून वडापाव येतो. पौष्टिक म्हणजे बेचव, या समजुतीने जेवढं नुकसान केलंय तेवढं तेलाने केलं नसेल.

आधी फोडणीचंच बघू. मेथी, पालक, शेवग्याचा पाला, गाजर, लाल भोपळा यांत बीटा कॅरोटीन असतं आणि त्यापासून शरीर अ जीवनसत्त्व तयार करतं. हा पदार्थ पाण्यात नव्हे, स्निग्धात विरघळतो. जेवणात तेल-तूप अजिबात नसेल तर त्यातलं बरंचसं अंगी न लागता निघून जातं. म्हणजे मेथीच्या भाजीवरची लसणाची फोडणी जिभेचे चोचले पुरवते आणि तिचं पोषणही पोचतं करते. दोष असलाच तर मापाचा. प्रौढ माणसाला दिवसाकाठी सगळं मिळून पाच-सहा चहाचे चमचे तेल-तूप पुरतं. बाटलीतून थेट कढईत ओतणाऱ्याला हे माप कधीच कळत नाही. तेव्हा चमच्याने घाला. शेंगदाण्याच्या तेलाच्या डब्यावर 'कोलेस्टेरॉलमुक्त' वाचून हुरळूनही जाऊ नका. कुठल्याच वनस्पतिजन्य तेलात खाण्यापुरतं कोलेस्टेरॉल नसतं, कॅलरी मात्र सगळ्यांत सारख्याच.

दुसरा लाडका समज मोडांचा. 'मोड आले की प्रथिनं दुप्पट होतात, आणि शिजवली की सत्त्व मरतं, म्हणून कच्चीच खावीत.' यातलं पहिलं विधान चूक, दुसरं अर्धवट आणि निष्कर्ष धोक्याचा. मोड आलेली मटकी पाणी पिऊन फुगलेली असते, त्यामुळे वजनाला वजन धरलं तर तिच्यात कोरड्या मटकीपेक्षा प्रथिनं कमीच भरतात. मोडांचा खरा फायदा वेगळा आहे. कोरड्या कडधान्यात जवळजवळ नसलेलं क जीवनसत्त्व त्यांच्यात तयार होतं. लोह आणि जस्त अडवून धरणारं फायटेट कमी होतं. पोटात वायू धरणाऱ्या शर्कराही घटतात. ज्यांना उसळ 'बाधते' त्यांनी मोड आणूनच ती करावी.

पण जी ऊब आणि ओल मोडांना लागते, तीच जिवाणूंनाही मानवते. 2011 साली जर्मनीत ई. कोलायची मोठी साथ आली. सुरुवातीला संशय स्पेनच्या काकड्यांवर गेला, त्यांचा बाजार बसला. शेवटी माग निघाला तो मोडांचा, आणि मूळ संशयित ठरले मेथीचे दाणे. जवळजवळ चार हजार माणसं आजारी पडली, पन्नासहून अधिक दगावली. आपण मोड आणतो, पण पुढे ते शिजवून उसळ करतो, ही सवय शहाणपणाची आहे. शिजल्यावर प्रथिनंही जास्त सहज पचतात. क जीवनसत्त्व थोडं जातं खरं, ते ताटातल्या लिंबाच्या फोडीने भरून निघतं. शिवाय लिंबातल्या त्या जीवनसत्त्वामुळे उसळीतलं लोह अधिक शोषलं जातं. (मिसळीवरची लालभडक तर्री हा वेगळा खटला, तिची वकिली मी करणार नाही.)

कुकरबद्दलची भीतीही अशीच. कुकरमध्ये अन्न झाकलेलं असतं आणि थोड्या वेळात शिजतं, त्यामुळे त्यात काही विशेष नासत नाही. ब गटातली जीवनसत्त्वं जातात ती पाण्याबरोबर. तांदूळ चोळचोळून पाच वेळा धुणं, भाजी चिरून मग धुणं, शिजवलेलं पाणी मोरीत ओतणं, ही खरी गळती. पुरणाची डाळ शिजवून निथळलेल्या कटाची आमटी करणाऱ्या बाईने यातलं काही वाया जाऊ दिलं नाही, आणि आमटी चवीलाही पोळीच्या तोडीची! कडधान्य लवकर शिजावं म्हणून सोडा मात्र घालू नये. त्याने थायमिन, म्हणजे ब-1, नष्ट होतं. रात्रभर भिजवलं की सोडा लागतच नाही.

आता भाकरी. 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं तेव्हापासून ज्वारी-बाजरीला नवे भक्त मिळाले आणि 'पोळी सोडा, भाकरी खा, वजन उतरतं' हा मंत्रही. ज्वारीच्या आणि गव्हाच्या पिठात कॅलरी जवळजवळ सारख्या असतात. कोंड्यासकट दळलेली कणीक तंतूंमध्येही फार मागे नाही; मागे आहे तो मैदा, आणि चाळणीने कोंडा उडवलेली कणीक. भाकरीत ग्लुटेन नसतं, ज्यांना ते चालत नाही त्यांना ती वरदानच. बाकीच्यांनी ती आवडते म्हणून खावी. बाजरी थोडी थोडीच दळून आणा. तिच्यात स्निग्धांश जास्त, पीठ लवकर कडू पडतं. नाचणीत वजनाला वजन दुधाच्या तिप्पट कॅल्शियम असतं हे खरं, पण फायटेटमुळे ते सगळं अंगी लागत नाही. मोड आणून, वाळवून दळली तर अडथळा कमी होतो. मात्र सत्त्व काढताना कापडातून गाळून चोथा फेकलात, तर सालीतलं कॅल्शियमही त्याच्याबरोबर गेलं.

गूळ आणि सैंधव यांचा निकाल थोडक्यात. गूळ ही मुख्यतः साखरच आहे. लोह असतं, पण लाडवाएवढ्या गुळात नगण्य. सैंधव हे मुख्यतः सोडियम क्लोराइडच, त्यात आयोडीन सहसा नसतं. रक्तदाब असलेल्याने सैंधव सढळ हाताने घालणं ही स्वतःची फसवणूक आहे.

उपवासाचा साबुदाणा 'हलका' मानतात. तो टॅपिओकाच्या कंदाचा निव्वळ स्टार्च. खिचडीत प्रथिनं येतात ती दाण्याच्या कुटातून, तेव्हा कूट काढून खिचडी 'हेल्दी' करू नका. राजगिरा त्याहून कितीतरी सरस. महागड्या किनोआच्याच कुळातला, आणि चौकातल्या वाण्याकडे मिळणारा.

नवं सामान भरण्याआधी एवढं करून पाहा. आज रात्री मटकी भिजत घाला, तेल चमच्याने मोजा, लिंबू ताटात ठेवा. आणि जेवण झाल्या झाल्या चहा ठेवत असाल तर तो तासभर पुढे ढकला. चहातली टॅनिनं उसळ-भाजीतलं लोह शरीरात जाऊ देत नाहीत.