हँडल का थरथरते?

औंधबाहेरचा कच्चा रस्ता म्हणजे खडी आणि फुफाटा. मुलगा म्हणाला, "अब्बा, गाडी हातात राहत नाही." आम्ही आधी टायरची हवा पाहिली; ती ठीक होती. मग गाडी मेन स्टँडवर लावली. अम्मीने मागची सीट दाबून धरली, पुढचे चाक उचलले गेले. पुढच्या शॉकअपची खालची टोके धरून आम्ही पुढे-मागे ओढली. खटखट झाली, कोनसेट ढिला होता. हँडल सावकाश फिरवताना मधोमध खाच लागली असती, तर नुसते कसून भागले नसते, नवाच बसवावा लागला असता.

मात्र शॉकअपच्या नळीवर तेलाचे कडे दिसले. सील गेले होते. हे वाईट. तेल ओघळून डिस्क ब्रेकवर गेले, की उतारावर गाडी थांबत नाही.

जुम्याच्या नमाजला आम्ही बापलेक चालतच गेलो.