गिअरचा दांडा सैल का होतो?

जुन्या मोटारीत पुढच्या जागेवर बसून तुम्ही कधी ड्रायव्हरचा डावा हात पाहिला आहे का? गिअरचा दांडा लटपटत असतो. तिसरा गिअर टाकायचा, तर तो नेमका सापडत नाही. "गिअरबॉक्स गेला वाटते!" असे कोणी म्हणाले, की मालकाच्या पोटात गोळा येतो, कारण ते काम मोठ्या खर्चाचे. पण पुष्कळदा दोष असतो अंगठीएवढ्या एका बुशाचा!

हा बुश असतो तरी कुठे? बऱ्याच मोटारींत दांडा आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये सळया किंवा केबल असतात. मुंबईत २०२३ पर्यंत धावलेल्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सींत तर दांडा स्टिअरिंगच्या खांबालाच बसवलेला असे. हाताची हालचाल सळयांमार्फत गिअरबॉक्सकडे जाई. असे दोन भाग जिथे जोडतात, तिथे एकाला भोक असते आणि दुसऱ्याची खुंटी त्यात फिरते. लोखंडावर लोखंड घासू नये म्हणून भोकात नायलॉनचे किंवा रबराचे कडे बसवतात. तोच बुश. तो इंजिनाची थरथरही हातापर्यंत फारशी पोचू देत नाही.

आता एक प्रयोग करा. ३० सेंटिमीटरची पट्टी टेबलावर ठेवून ५ च्या खुणेवर बोटाने दाबून धरा. आखूड टोक १ सेंटिमीटर सरकवा. लांब टोक किती सरकले? सुमारे ५ सेंटिमीटर! गिअरचा दांडा ही अशीच एक तरफ आहे. या पट्टीसारखे माप धरले, तर खालच्या बुशात १ मिलिमीटर फट पडताच वरची मूठ ५ मिलिमीटर डुगडुगेल. सांधे दोन-तीन असले, तर साऱ्या फटींची बेरीज होते.

पण तरफेमुळे हाताचे बळही पाचपट होऊन बुशावर पडते. म्हणजे जी तरफ हाताचे श्रम वाचवते, तीच बुशाला झिजवते! त्यात धूळ, उष्णता आणि सुकलेले ग्रीस यांची भर पडते. बुश निखळून पडला, तर दांडा हलतो, पण गिअर बदलतच नाही.

म्हणून जाणता मेकॅनिक गिअरबॉक्स उघडण्यापूर्वी सांधे पाहतो. एकजण दांडा हळूच हलवतो, दुसरा सांध्याकडे पाहतो. खुंटी आधी हलली आणि सळई मागाहून, तर बुश झिजला असे समजावे.

बुश बदलताना गाडी सपाट जागी, इंजीन बंद करून उभी करतात, हातब्रेक ओढतात आणि चाकांना अडसर लावतात. गाडी उचलावी लागलीच, तर ती नुसत्या जॅकवर न ठेवता भक्कम स्टँडवर टेकवतात. मग चाप काढून सळई सुटी करतात, जुना बुश काढतात आणि भोक पुसून घेतात. खुंटीही तपासावी लागते. तीच झिजली असेल, तर नवा बुशही लवकर सैल होईल. नायलॉनचा बुश गरम पाण्यात ठेवला, की थोडा मऊ होतो आणि सरळ दाबून बसवता येतो. रबराला साधे ग्रीस चालत नाही, त्याने रबर फुगते. तिथे सिलिकॉन ग्रीस लावतात. शेवटी इंजीन बंद असतानाच क्लच दाबून सगळे गिअर टाकून पाहतात.

बुश मुद्दामच मऊ केलेला असतो. तो झिजतो, म्हणून महागडी खुंटी आणि सळई टिकते. झिजण्यासाठीच बसवलेले असे आणखी भाग सायकलीत आहेत. ब्रेकचे रबर त्यांपैकी एक. बाकीचे तुम्ही शोधून काढा बरे!