मांजराची जखम : घरचा उपचार आणि पशुवैद्य

रात्री कौलांवर दोन बोक्यांची गुरगुर सुरू होते, मग कर्कश किंकाळ्या ऐकू येतात आणि थोड्याच वेळात सारे शांत होते. सकाळी घरचा बोका ओट्यावर येऊन बसतो. अंगावरून हात फिरवताना मानेजवळचे केस चिकटलेले लागतात. नीट पाहिल्यावर तिथे तांदळाच्या दाण्याएवढे छिद्र दिसते. रक्त वाहत नसते, आणि समोर ठेवलेले दूधही तो पितो. ‘एवढीशी तर जखम, चाटून बरी होईल,’ असे म्हणून घरातील माणसे आपापल्या कामाला लागतात. तिसऱ्या दिवशी मात्र त्याच जागी लिंबाएवढी गाठ येते, अंग तापते आणि बोका पलंगाखाली जाऊन बसतो. हाक मारली तरी बाहेर येत नाही.

मांजराचे सुळे बारीक आणि अणकुचीदार असतात. ते सुईसारखे मांसात खोल शिरतात आणि तोंडातील जंतू आत सोडून बाहेर येतात. पास्चुरेला नावाचे जंतू तर निरोगी मांजराच्या तोंडातही वस्तीला असतात. त्वचेवरचे छिद्र लवकर मिटते. आतली जखम मात्र तशीच राहते. त्या बंद, उबदार पोकळीत जंतू वाढतात, पू साठतो आणि दोन ते चार दिवसांत गळू तयार होते. याउलट नखाचा लांबलचक ओरखडा पाहणाऱ्याला भयंकर वाटतो, पण तो उथळ असेल तर बहुधा सहज भरून येतो. मांजराची जखम किती लांब आहे यापेक्षा ती किती खोल आहे, हेच आधी पाहावे लागते.

उथळ ओरखडा किंवा किरकोळ खरचटणे यावर घरी उपचार करता येतात. त्यासाठी दोन माणसे असलेली बरी. एकाने मांजराला जाड टॉवेलात गुंडाळून धरावे. दुखावलेले मांजर, कितीही माणसाळलेले असले तरी, चावू शकते. जखमेतून रक्त येत असल्यास स्वच्छ कापडाची घडी पाच ते दहा मिनिटे दाबून धरावी. मधूनमधून उचलून पाहू नये. अर्धा लिटर पाणी उकळून गार करावे, त्यात एक लहान सपाट चमचा मीठ विरघळवावे आणि त्या पाण्याने जखम हलक्या हाताने धुवावी. मग ती स्वच्छ कापडाने टिपून कोरडी करावी. घट्ट पट्टी बांधण्याचा मोह टाळावा, कारण तिने रक्तप्रवाह अडतो. जखम सारखी चाटली गेल्यास ती भरत नाही. तेव्हा गळ्याभोवती नरसाळ्याच्या आकाराची कॉलर घालतात. पुढचे चार-पाच दिवस सकाळ-संध्याकाळ ती जागा पाहत राहावे.

अपाय बहुतेक वेळा होतो तो घरातल्या औषधांच्या डब्यामुळे, आणि तोही मायेपोटी. माणसाचा ताप उतरवणारी पॅरासिटामॉलची गोळी मांजरासाठी विष आहे. हे औषध निकामी करून बाहेर टाकणारी यंत्रणा मांजराच्या यकृतात फारच दुबळी असते. त्यामुळे रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती कमी होते, हिरड्या तपकिरी किंवा निळसर पडतात, तोंडावर सूज येते, आणि एका गोळीनेही मृत्यू ओढवू शकतो. फिनेल आणि फरशी पुसण्याची तत्सम द्रव्ये, तसेच माणसाच्या जखमेसाठी वापरली जाणारी तीव्र वासाची जंतुनाशके मांजराला लावू नयेत. अंगावरचे सारे काही ते चाटून पोटात घेते. जखमेत अळ्या पडल्या म्हणून रॉकेल ओतणे किंवा डांबरगोळीची पूड भरणे, हे तर सरळ विषप्रयोगच होत. हळदीची गोष्ट वेगळी. ती विषारी नाही; पण स्वयंपाकघरातील हळद निर्जंतुक नसते, आणि तिचा थर बसला की खालचा पू दिसेनासा होतो.

काही जखमांच्या बाबतीत घरी वाट पाहू नये. चावल्याचे छिद्र, डोळ्याजवळची, सांध्यावरची, छातीवरची वा पोटावरची जखम, दहा मिनिटे दाबूनही न थांबणारे रक्त, सूज, दुर्गंधी, अळ्या, लंगडणे, अन्नावरची वासना जाणे, यांपैकी काहीही आढळले तर पशुवैद्य गाठावा. उंचावरून पडलेले किंवा वाहनाचा धक्का बसलेले मांजर वरून धडधाकट दिसले तरी आतून जखमी असू शकते. ते तोंड उघडून धापा टाकत असेल, तर क्षणाचाही विलंब करू नये. मांजर वेदना लपवते, म्हणून ‘ओरडत नाही, म्हणजे दुखत नसेल’ हा तर्क इथे चालत नाही.

खर्चाचा विचार अनेक घरांत आडवा येतो, आणि तो खोटाही नाही. मांजर आपल्या पायांनी घरात आलेले. त्याच्यासाठी दिवसाची मजुरी बुडवायची का, असा प्रश्न पडतो. परंतु चावा पहिल्या-दुसऱ्या दिवशी दाखवला तर बहुधा जखम धुऊन आणि औषध देऊन भागते. गळू झाल्यावर भूल देऊन ते फोडावे लागते, आणि मग फेऱ्याही वाढतात.

कुत्र्याने किंवा अनोळखी प्राण्याने मांजराला चावा घेतला असेल, तर रेबीजचा धोका घरातील माणसांपर्यंत पोहोचतो. अशा वेळी मांजराच्या लसीविषयी पशुवैद्याला त्याच दिवशी विचारावे. मांजराने माणसाला चावले वा ओरबाडले, तर ती जागा साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी व लगेच माणसांच्या रुग्णालयात जाऊन लसीविषयी सल्ला घ्यावा.

दवाखान्यात नेताना मांजराला हातांत धरू नये. झाकणाची टोपली किंवा भोके पाडलेले खोके घ्यावे आणि तळाशी त्याच्या ओळखीच्या वासाचे जुने कापड अंथरावे. जखम केव्हा दिसली, मांजराने शेवटचे केव्हा खाल्ले, घरी काय लावले वा पाजले, हे सारे पशुवैद्याला सांगावे. चुकून माणसाची गोळी दिली गेली असेल तर रागावतील म्हणून ती गोष्ट दडवू नये; त्या गोळीचे वेष्टनच सोबत न्यावे.