विशालकोनी भिंगाची निवड

गणपतीच्या दिवसांत घरोघरीं एक प्रसंग हटकून येतो. आरती आटोपते, प्रसाद वांटून होतो आणि मूर्तीपुढें सर्वांचें मिळून एक छायाचित्र घ्यावें असें ठरतें. शहरांतील घराची बैठकीची खोली १० फूट रुंद आणि १२ फूट लांब; माणसें आठ-दहा. कॅमेरा घेतलेला गृहस्थ मागें सरतां सरतां भिंतीला टेकतो, तरी कडेच्या खुर्चीवर बसलेली आजी चौकटीबाहेरच राहते. नेहमींचें ५० मिलिमीटरचें भिंग येथें अपुरें पडतें. मग विशालकोनी, म्हणजे वाइड-अँगल, भिंग विकत घेण्याचा विचार सुरू होतो. आणि दुकानांत गेल्यावर १४ पासून ३५ मिलिमीटरपर्यंतचीं इतकीं भिंगें पुढें मांडलीं जातात कीं, निवड कशी करावी हेंच कळेनासें होतें. त्यांतून प्राइम भिंग घ्यावयाचें असेल तर विचार अधिकच करावा लागतो. झूम भिंगाप्रमाणें कडें फिरवून त्याचा आंकडा बदलतां येत नाहीं; एकदां घेतलें तें घेतलें.

हा आंकडा म्हणजे भिंगाचें नाभ्यंतर होय. तें जितकें लहान, तितका चित्रांत येणारा प्रदेश रुंद. फुल-फ्रेम कॅमेऱ्यांत प्रकाश टिपणारा सेन्सर ३६ मिलिमीटर रुंद व २४ मिलिमीटर उंच असतो. हें माप मूळचें चित्रपटाच्या फिल्मवरून आलें. ओस्कार बार्नाक यांच्या कल्पनेंतून निघालेल्या व १९२५ सालीं बाजारांत आलेल्या लायका कॅमेऱ्यानें तें रूढ केलें. ह्या मापावरून एक सोपा हिशेब निघतो. वस्तूचें अंतर ३६ नें गुणावें आणि नाभ्यंतरानें भागावें. जें उत्तर येईल तितकी रुंदी चित्रांत मावते. १० फुटांवरून ५० चें भिंग सुमारें ७ फूट रुंदी टिपतें, ३५ चें १० फुटांहून किंचित् अधिक, २८ चें जवळजवळ १३ फूट, २४ चें १५ फूट आणि २० चें १८ फूट.

तर मग सर्वांत लहान आंकड्याचें भिंग घेतलें कीं काम भागलें, असें पुष्कळांस वाटतें. येथेंच चूक होते. २० चें भिंग हातीं आलें कीं भिंतीशीं टेकून उभें राहण्याचें कारण उरत नाहीं. गृहस्थ दोन पावलें पुढें येतो आणि ६ फुटांवरूनहि आजी चौकटींत मावते. परंतु चित्रांत तिचा चेहरा आडवा ताणलेला दिसतो. मध्यापासून ५ फूट बाजूला असलेलें डोकें ६ फुटांवरून टिपलें, तर तें सुमारें ३० टक्के रुंद उमटतें. तेंच १० फुटांवरून टिपलें तर ताण सुमारें १२ टक्के होतो व तो सहसा कोणाच्या लक्षांत येत नाहीं. हा भिंगाचा दोष नव्हे, आणि कितीहि महाग भिंग घेतलें तरी तो जात नाहीं. दिव्यापुढें बाजूला धरलेल्या चेंडूची भिंतीवरील सावली लांबट होते, तसाच हा प्रकार आहे. जें चित्र भिंतीवर लागावयाचें आणि वर्षानुवर्षें पाहिलें जावयाचें, त्यांत आजीनें आपल्या खऱ्या रूपांत दिसावें ही अपेक्षा कांहीं मोठी नाहीं.

जवळ गेल्यानें आणखी एक गोष्ट बदलते. पुढचा माणूस ३ फुटांवर व मागचा ६ फुटांवर असेल, तर पुढच्याचें डोकें मागच्याच्या दुप्पट दिसतें. दोघांमधील अंतर तेंच ठेवून कॅमेरा मागें नेला आणि ते ७ व १० फुटांवर आले, तर हा फरक दीडपटीच्याहि आंत येतो. म्हणजे चेहऱ्यांचें प्रमाण ठरतें तें उभें राहण्याच्या जागेवरून. भिंग केवळ चौकट किती मोठी तें ठरवितें. म्हणून आधीं कोठें उभें राहावयाचें तें ठरवावें, आणि तेथून हवी तेवढी रुंदी ज्यांत मावेल तें भिंग घ्यावें. वर सांगितलेल्या खोलीला ३५ चें भिंग कसेंबसें पुरतें. २८ चें घेतलें तर दोन्ही बाजूंस थोडी मोकळी जागा राहते. वाड्याचा चौक किंवा देवळाचा सभामंडप टिपावयाचा असेल तर २४ चें भिंग उपयोगी. तें वापरतांना कॅमेरा वर कलवूं नये. कलविल्यास खांब एकमेकांकडे झुकलेले दिसतात. २० किंवा त्याहून लहान आंकड्याचें भिंग गडावरून रात्रीचें आकाश टिपणाऱ्यांनीं घ्यावें.

आरसा नसलेल्या, म्हणजे मिररलेस, कॅमेऱ्यांनीं ह्या भिंगांची घडण पालटली. रिफ्लेक्स कॅमेऱ्यांत भिंगामागें आरसा हलत असल्यामुळें मोकळी जागा ठेवावी लागे. कॅननच्या ईएफ पद्धतींत भिंगाच्या बैठकीपासून सेन्सरपर्यंतचें अंतर ४४ मिलिमीटर होतें. आरएफ पद्धतींत तें २० वर आलें. निकॉनचें ४६.५ वरून १६ झालें. इतक्या दुरून लहान नाभ्यंतराचें काम साधण्यासाठीं पूर्वी भिंगाच्या पुढच्या बाजूस मोठीं अंतर्गोल कांचेचीं भिंगें जोडावीं लागत. आतां ती अडचण पुष्कळ कमी झाली आहे.

राहिला छिद्राचा, म्हणजे अपर्चरचा, प्रश्न. १.४ छिद्राचें भिंग २.८ च्या चौपट प्रकाश घेतें. समईच्या उजेडांत आरतीचे हलते हात टिपणें किंवा तारे टिपणें ह्यांसाठीं तो प्रकाश मोलाचा आहे. परंतु दोन रांगांत उभ्या असलेल्या माणसांचें चित्र घेतांना सर्व चेहरे स्पष्ट यावेत म्हणून छिद्र लहानच करावें लागतें, आणि अधिक मोजलेला पैसा तेथें कामास येत नाहीं. वजनहि पाहावें. सोनीचें २४ मिलिमीटरचें १.४ छिद्राचें भिंग ४४५ ग्रॅम भरतें, तर २.८ चें अवघें १६२ ग्रॅम. जें जड म्हणून कपाटांत राहतें, त्याच्या छिद्राचा मोठेपणा व्यर्थ होय.

विकत घेण्यापूर्वी घरांतील झूम भिंग एक आठवडा २८ वर ठेवावें व कड्यावर चिकटपट्टी लावावी. पुढच्या आठवड्यांत २४ वर. कोठें अडतें आणि कोठें जागा उगीच उरते, हें तेवढ्यांत कळून येतें. जुन्या चित्रांच्या फाइलींतहि नाभ्यंतराची नोंद असते. ती चाळली तर आपला हात कोठें वळतो तें दिसतें. आणि आजीची खुर्ची कडेला न ठेवतां मध्यें मांडावी. त्यासाठीं नवें भिंग लागत नाहीं.