गावात फौज होती का?

पुण्यातल्या विश्रांतवाडीच्या चौकात उभे राहून कुणाला विचारले, ‘इथे मिलिटरी कुठे आहे?’ तर तो आधी हसेल आणि मग जवळपास चहूकडे हात करील. खडकीकडे बीईजी, म्हणजे बॉम्बे सॅपर्सचे केंद्र आणि १८६९ पासूनचा दारूगोळा कारखाना. कळस-दिघीच्या अंगाला लष्करी अभियांत्रिकीची संशोधन संस्था. लोहगावला हवाई दलाचा तळ. प्रवासी विमानेही त्याच धावपट्टीवर उतरतात. या सगळ्याच्या मधोमध सोसायट्या, शाळा, दवाखाने, भाजीच्या गाड्या. आषाढीच्या वारीत माउलींची पालखी आळंदीहून पुण्यात येते तीही इथल्याच आळंदी रस्त्याने.

अशा वस्तीवर कुणी तोफा डागल्या आणि पुढे न्यायालयात ‘तिथे फौज होती’ एवढाच बचाव केला, तर तो टिकेल का?

दक्षिण क्रोएशियातल्या, बंडखोर सर्बांच्या ताब्यात असलेल्या क्निन नावाच्या छोट्या शहराबाबत नेमका हाच प्रश्न हेगच्या न्यायाधिकरणापुढे आला. युगोस्लाव्हियातील युद्धगुन्ह्यांसाठी संयुक्त राष्ट्रांनी हे न्यायाधिकरण १९९३ मध्ये स्थापले होते. क्निनचा एक धागा मराठा पलटणीपर्यंत येतो. मार्च १९९२ ते मार्च १९९३ या काळात युगोस्लाव्हियातल्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे पहिले सेनापती होते लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे अधिकारी, १९७१च्या युद्धातले वीरचक्राचे मानकरी. शांतिसेनेच्या दक्षिण विभागाचे मुख्यालय क्निनला होते. त्या भागातली फौज हटवायची, रणगाडे-तोफा कोठारांत ठेवायच्या आणि कोठाराला दोन कुलपे लावायची, एक शांतिसेनेचे आणि एक स्थानिक सर्बांचे, अशी व्यवस्था ठरली होती. जानेवारी १९९३ मध्ये क्रोएशियाच्या सैन्याने हल्ला चढवताच सर्बांनी कोठारे फोडून शस्त्रे परत नेली. ‘गावात फौज नाही’ हे कागदावरच राहिले.

४ ऑगस्ट १९९५च्या पहाटे क्रोएशियाच्या तोफा क्निनवर धडधडू लागल्या. दोन दिवसांत किमान ९०० गोळे पडले. या माऱ्यासाठी क्रोएशियाचे जनरल आन्ते गोतोविना आरोपीच्या पिंजऱ्यात आले, तेव्हा क्निनमध्ये फौज होती की नाही, हा वादच नव्हता. बंडखोर सर्बांचे सेनामुख्यालय तिथेच होते, बराकी होत्या आणि त्यांचे नेते मिलान मार्तिच शहरातल्याच एका इमारतीत राहत होते. न्यायाधीशांनी शहराचा नकाशा पुढे घेतला आणि प्रश्न बारीक केला. कोणता गोळा कुठे पडला? त्याच्या जवळ लष्करी लक्ष्य कोणते होते? त्या लक्ष्याचा त्या घडीला लढाईशी काय संबंध होता?

या प्रश्नांमागे १९७७चा जिनिव्हा करारांना जोडलेला पहिला अतिरिक्त प्रोटोकॉल आहे. एखादी वास्तू लक्ष्य ठरायची तर ती लष्करी कारवाईला प्रत्यक्ष हातभार लावणारी हवी आणि ती पाडल्याने त्या वेळच्या परिस्थितीत निश्चित लष्करी फायदा व्हायला हवा. वस्तीत चार सैनिक राहतात म्हणून आख्खी वस्ती छावणी ठरत नाही. शहरात पाच ठिकाणी पाच लष्करी ठाणी सुटीसुटी असतील, तर सगळे शहर एकच लक्ष्य मानून झोडपता येत नाही. बचाव करणाऱ्यावरही बंधन आहे : दाट वस्तीजवळ लष्करी ठाणी उभारणे शक्य तितके टाळावे. भारताने हा प्रोटोकॉल स्वीकारलेला नाही. १९४९च्या मूळ जिनिव्हा करारांसाठी मात्र आपल्याकडे १९६०चा कायदा आहे.

याच कसोटीवर क्रोएशियातल्याच दुब्रोवनिकचे उत्तर सोपे निघाले होते. ६ डिसेंबर १९९१ रोजी युगोस्लाव्ह सैन्याने तटबंदीतल्या जुन्या शहरावर मारा केला. आत तोफा किंवा मोर्चे नव्हते, असा निष्कर्ष काढून न्यायालयाने ५२ वास्तूंच्या हानीची नोंद केली आणि २००५ मध्ये जनरल पावले स्त्रुगार यांना आठ वर्षांची शिक्षा दिली. अपिलात ती साडेसात वर्षांवर आली.

क्निनचे उत्तर तसे सरळ निघाले नाही. खालच्या पीठाने मोजपट्टी ठरवली : लष्करी लक्ष्यापासून २०० मीटरच्या आत पडलेला गोळा चुकून भरकटलेला असू शकतो, त्यापलीकडचा नाही. अशा पलीकडच्या गोळ्यांचे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास होते. त्यावरून मारा बेकायदा ठरला आणि १५ एप्रिल २०११ रोजी गोतोविनांना २४ वर्षांची शिक्षा झाली. दीड वर्षात चित्र पालटले. २०० मीटरचा आकडा कोणत्याही पुराव्यातून निघत नाही, यावर अपील पीठाच्या पाचही न्यायाधीशांचे एकमत होते. शिवाय फौजेच्या गाड्या शहरात फिरत होत्या. दूरचे गोळे त्यांच्यावर डागले नसतील कशावरून? १६ नोव्हेंबर २०१२ रोजी तीन विरुद्ध दोन मतांनी गोतोविना निर्दोष सुटले. उरलेल्या दोघांनी, कारमेल अजियुस आणि फाउस्तो पोकार यांनी, कडक शब्दांत विरोधी मते नोंदवली. मोजपट्टी चुकली म्हणून बाकीचा पुरावा बाजूला सारता येत नाही, असा त्यांचा मुद्दा होता.

आळंदी रस्त्यावर २०० मीटर म्हणजे दोन-तीन मिनिटांची चाल. तेवढ्या अंतरात किराणा, औषधे आणि वडापाव मिळतो. एखाद्या लष्करी भिंतीपासून २०० मीटरचे वर्तुळ नकाशावर काढले, तर त्यात जवानांपेक्षा दप्तरे पाठीला लावलेली मुलेच जास्त सापडण्याची शक्यता आहे. त्या वर्तुळाच्या आत आणि बाहेर पडलेल्या गोळ्यांचे काय करायचे, यावर हेगमध्ये पाच न्यायाधीश शेवटपर्यंत दोन गटांत राहिले.