किती दिवस लावून बघायचं?

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये डेंग्यू किंवा चिकनगुनियाने आडवा पाडलेला माणूस दिवाळीच्या सुमारास केस गळतात म्हणून हैराण होतो. ताप तोवर विसरलेला असतो. त्यामुळे दोष जातो शाम्पूला, बोअरच्या पाण्याला, नाहीतर मध्यंतरी बदललेल्या तेलाला. मग नव्याचा शोध सुरू होतो. शेजारच्या काकू कांद्याचं तेल सुचवतात, भाची मोबाइलवर रोझमेरी दाखवते, मेडिकलवाला एक सीरम पुढे सरकवतो. यातलं काहीतरी घरात येतं आणि होळीपर्यंत गळणं थांबतं. पुढची दहा वर्षं ती बाटली येणाऱ्या-जाणाऱ्याला सुचवली जाते. काहीच लावलं नसतं तरी होळीपर्यंत गळणं बहुधा थांबलंच असतं, हे मात्र कुणी सांगत नाही.

डोक्यावर साधारण लाखभर केस असतात. त्यातला प्रत्येक दोन ते सहा वर्षं वाढतो. मग दोन-तीन आठवड्यांत त्याचं मूळ आकसतं, त्यानंतर तीनेक महिने तो नुसता जागेवर बसून असतो आणि शेवटी गळतो. त्याच मुळातून नवा केस उगवतो. एरवी शंभरातले पंच्याऐंशी ते नव्वद केस वाढत असतात, बाकीचे जायच्या वाटेवर. म्हणून रोज पन्नास ते शंभर केस गळणं हा आजार नव्हे. पण मोठा ताप, बाळंतपण, शस्त्रक्रिया, झपाट्याने वजन उतरवणारं डाएट असा काही धक्का बसला की बरेच केस एकाच वेळी वाढ थांबवतात, आणि दोन-तीन महिन्यांनी एकाच वेळी गळायला लागतात. डॉक्टर याला टेलोजेन एफ्लुव्हियम म्हणतात. मोरीच्या जाळीवर पुंजके दिसले की काळजाचा ठोका चुकतो, पण मुळं शाबूत असतात. धक्का एकदाचाच असेल तर सहसा सहा महिन्यांच्या आत गळती आवरते. कोविडनंतर हा प्रकार घराघरांत पाहायला मिळाला.

त्यामुळे नवं उत्पादन अमुक इतके दिवस वापरून पाहा, असा एकच आकडा सांगणाऱ्यावर माझा विश्वास बसत नाही. आपण त्या बाटलीकडून नेमकं काय मागतो आहोत, यावर तो आकडा ठरतो. काम केसाच्या पृष्ठभागावर करायचं आहे, डोक्याच्या त्वचेवर, की त्वचेच्या आत काही मिलिमीटर खोल असलेल्या मुळाशी? पहिल्याचा निकाल काही न्हाण्यांत लागतो, दुसऱ्याला महिना लागतो, तिसऱ्याला निम्मं वर्ष.

पृष्ठभागाचं सोपं आहे. त्वचेबाहेर आलेला केस मृत असतो, त्याला पोषण वगैरे काही पोचत नाही. जाहिरातीत तो कितीही 'आतून जागा' होवो. कंडिशनरमधल्या प्रमुख घटकांवर धन विद्युतभार असतो आणि धुतलेल्या, विशेषतः झिजलेल्या केसावर ऋण. त्यामुळे ते केसाला चिकटतात, केसावरचे खवले चपटे बसतात, गुंता सुटतो. हे सगळं पहिल्याच धुण्यात घडतं. तेव्हा चार-सहा वेळा धुऊनही कंगवा अडकतोच असेल, तर बाटली संपेपर्यंत वाट बघण्यात अर्थ नाही. केसांना फुटलेले फाटे कशानेच सांधले जात नाहीत. सिलिकोन त्यांना तात्पुरतं चिकटवून ठेवतं, पुढच्या धुण्यात ते पुन्हा सुटे. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणजे कमरेपर्यंतच्या वेणीचं टोक पाच-सहा वर्षांचं असतं. तेवढ्या उन्हाचा, रंगाचा आणि ड्रायरचा हिशेब एका महिन्याच्या मास्कने फिटत नाही. त्याला कात्री हाच उपाय.

अशा झटपट परीक्षेसाठी आपल्याकडे उत्तम साधन आहे ते म्हणजे पुडी. तमिळनाडूतल्या कडलूरच्या चिन्नी कृष्णन यांनी शाम्पू पुडीत आणला आणि त्यांचे पुत्र सी. के. रंगनाथन यांनी १९८३ मध्ये 'चिक' काढून तो खेड्यापाड्यांत पोचवला. गरिबाला परवडावी म्हणून आलेली ही सोय चोखंदळ माणसालाही तितकीच कामाची आहे. पाचशे रुपयांची बाटली घेण्याआधी चार पुड्या वापरून बघाव्यात. कंपन्यांच्या प्रयोगशाळांत आणखी एक युक्ती चालते: अर्ध्या डोक्याला एक उत्पादन, अर्ध्याला दुसरं. कंडिशनरच्या बाबतीत हे घरी सहज जमतं. मधोमध भांग पाडायचा, डावीकडे जुना, उजवीकडे नवा. दोन्ही बाजूंना पाणी तेच, हवा तीच, त्यामुळे फरक दिसला तर तो बाटलीचाच.

हवेचं मी उगाच म्हणत नाही. पावसाळ्यात केस हवेतली ओल शोषून पिंजारतात आणि ऑक्टोबरात हवा कोरडी झाली की आपोआप निवळतात. जुलैत सुरू केलेल्या सीरमला दिवाळीत मिळणारी शाबासकी बऱ्याचदा मोसमाची असते. पाण्याचंही तसंच. पुण्यात महापालिकेच्या नळाखाली लाडका वाटणारा शाम्पू टँकरच्या किंवा बोअरच्या जड पाण्यात निराळा वागतो, कारण त्या पाण्यातलं कॅल्शियम केसांवर साचून ते राठ करतं. गाव बदललं असेल तर शाम्पूला लगेच नावं ठेवू नयेत. आणि 'केसांना शाम्पूची सवय झाली, आता लागू पडत नाही' या तक्रारीतही तथ्य नाही. मृत केसाला सवय कसली लागणार? कंडिशनरचे आणि सिलिकोनचे थर चढत गेले की केस जड, चिपके वाटतात. एकदा साध्या, जास्त स्वच्छ करणाऱ्या शाम्पूने धुतलं की जुनीच बाटली पुन्हा चालते.

खोबरेल तेलाची गोष्ट थोडी वेगळी, कारण त्याचा फायदा आरशात दिसतच नाही. २००३ मध्ये आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना करून त्यांनी दाखवलं की धुण्याआधी किंवा धुतल्यावर लावलेलं खोबरेल केसातून निघून जाणाऱ्या प्रथिनांचं प्रमाण कमी करतं. बाकी दोन तेलांना ते जमलं नाही. खोबरेलातल्या लॉरिक आम्लाचा रेणू लहान आणि सरळ असल्यामुळे तो केसात शिरू शकतो. हे काम मुंबईच्या मॅरिकोत झालं, म्हणजे पॅराशूट विकणाऱ्या कंपनीतच, हे लक्षात ठेवून वाचावं. तरी निष्कर्ष पटण्याजोगा आहे. मात्र हे झीज रोखणं आहे, वाढ नव्हे. नरक चतुर्दशीच्या अभ्यंगाने केस लांब होत नाहीत. वर्षभर नियमाने तेल लावणारीची वेणी टोकाला कमी तुटते म्हणून लांब दिसते, एवढंच.

आता त्वचेकडे, म्हणजे कोंड्याकडे. इथे चार धुण्यांत निकाल मागणारे फार. कोंड्यामागे मॅलासेझिया नावाची बुरशी असते. ती प्रत्येकाच्याच डोक्यावर राहते, पण काहींच्या त्वचेला तिचा त्रास होतो. तिच्यावरचा दोन टक्क्यांचा किटोकोनाझोल शाम्पू आठवड्यातून दोनदा, दोन ते चार आठवडे वापरायचा असतो, आणि मुख्य म्हणजे फेस तीन ते पाच मिनिटं डोक्यावर ठेवायचा असतो. आपण काय करतो, तर बादली भरायच्या आत धुऊन टाकतो आणि महिन्याने म्हणतो, काही उपयोग नाही. अशा वेळी मुदत वाढवण्यापेक्षा पद्धत सुधारावी. बरं वाटल्यावरही आठवड्या-दोन आठवड्यांतून एकदा तो लावत राहावा लागतो, नाहीतर कोंडा परत येतो. आणि या काळात रात्रभर तेल थापून ठेवू नये. या बुरशीचं पोट तेलातल्या स्निग्धाम्लांवरच भरतं. आजीला हे पटणार नाही, पण कोंड्याला कोरडेपणा समजून तेल चोपडणं हा घरोघरीचा उलटा उपाय आहे. चार-पाच आठवडे नीट वापरूनही खपल्या, लाली राहिली तर ते सोरायसिस किंवा दुसरं काही असू शकतं. तिथे तिसरा शाम्पू आणण्याऐवजी त्वचारोगतज्ज्ञ गाठावा.

खरी कसोटी केस वाढवण्याचा दावा करणाऱ्या उत्पादनांची. मुळाशी आज काही बदल झाला असं गृहीत धरलं, तरी नवा केस त्वचेबाहेर यायला काही आठवडे लागतात आणि भांगात नजरेला भरण्याइतका, म्हणजे दोन-तीन सेंटिमीटर, व्हायला आणखी दोन-तीन महिने. तेव्हा चार महिन्यांच्या आत दिलेला कोणताही निकाल, चांगला किंवा वाईट, कच्चा समजावा. दिवाळीच्या पाडव्याला सुरू केलेल्या गोष्टीचा हिशेब गुढीपाडव्याला करावा, हा मला या बाबतीत सोयीचा वाटणारा कालावधी. इराणमध्ये झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शंभर पुरुषांपैकी निम्म्यांना रोझमेरीचं तेल आणि निम्म्यांना दोन टक्के मिनॉक्सिडिल हे टकलावरचं औषध दिलं होतं. तीन महिन्यांनी दोन्ही गटांत सांगण्यासारखा फरक नव्हता. सहा महिन्यांनी दोन्हींत केसांची संख्या वाढलेली होती. रोझमेरीचे व्हिडिओ याच अभ्यासावर पोसलेले आहेत. पण त्यात काहीच न लावणारा किंवा साधं तेल लावणारा तिसरा गट नव्हता, हे ते सांगत नाहीत. कांद्याच्या रसाचंही असंच. २००२ मध्ये बगदादच्या डॉक्टरांनी केलेला छोटा अभ्यास होता तो चाईवर, म्हणजे गोल चकत्यांनी केस जातात त्या आजारावर. रोजच्या केसगळतीशी त्याचा संबंध नाही. शिवाय चाई पुष्कळदा आपोआपही भरून येते.

मिनॉक्सिडिलचं वेळापत्रक सगळ्यात चकवणारं. मूळचं हे रक्तदाबाचं औषध. गोळ्या घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले म्हणून ते डोक्याला लावायचं झालं, आणि १९८८ मध्ये अमेरिकेत पुरुषांच्या टकलासाठी त्याला मान्यता मिळाली. ते लावायला लागल्यावर दोन ते आठ आठवड्यांत केस उलट जास्त गळतात. विश्रांतीत बसलेल्या केसांना हुसकावून ते नव्यांना जागा करतं. नेमकं याच वेळी घाबरून बरेच लोक ते सोडतात. चार ते सहा महिने धीर धरावा, पूर्ण परिणाम वर्षभराने पाहावा. सोडलं तर मिळालेले केस तीन-चार महिन्यांत जातात, म्हणून सुरू करतानाच डॉक्टरांशी बोलून घ्यावं. या गळतीचा दाखला देऊन काही तेलवाले 'आधी कमजोर केस निघून जातात, मग नवे येतात' असं सांगतात. मिनॉक्सिडिलची सवलत तेलाला आणि शाम्पूला लागू नाही. त्यांनी गळती वाढली, तर बंद करावं.

काही बाबतींत मात्र दिवस मोजायचेच नसतात. डोकं चुरचुरलं, पुरळ आलं, पापण्या सुजल्या की त्याच दिवशी धुऊन टाकायचं आणि पुन्हा हात लावायचा नाही. काळ्या रंगात आणि बाजारातल्या 'काळ्या मेंदी'त बऱ्याचदा पीपीडी हे रसायन असतं. त्याची ॲलर्जी एक-दोन दिवस उशिरा उमटते, म्हणून कानामागे थेंब लावून ४८ तास थांबायला सांगतात. वर्षानुवर्षं तोच रंग लावणाऱ्यालाही ती अचानक होऊ शकते. पार्लरमध्ये 'ताई, काही होत नाही' असं म्हटलं जातं, तेव्हा हे आठवावं.

परीक्षा घेताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी. तेल, शाम्पू आणि बायोटिनच्या गोळ्या एकत्र सुरू केल्या तर श्रेय कुणाला देणार? दर महिन्याला त्याच खिडकीपाशी, तोच भांग पाडून फोटो काढावा. आपली आठवण मनाला हवं ते दाखवते. जाळीतले केस मोजायचे तर किती दिवसांनी न्हालो तेही धरावं, कारण चार दिवसांचे केस एकदम निघतात. आणि बाटलीपलीकडेही बघावं. जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात गावंच्या गावं काही दिवसांत टकली होऊ लागली, तेव्हा सुरुवातीला संशय शाम्पूवर आणि पाण्यावर गेला. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. साध्या गळतीतही आधी हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि थायरॉइड तपासणं कित्येक तेलांपेक्षा स्वस्त पडतं.

राहिला प्रश्न मुदत देणाऱ्या जाहिरातींचा. टक्कल बरं करण्याचा, नवे केस उगवण्याचा किंवा केसांचा रंग बदलण्याचा दावा औषधाला करता येत नाही, असं १९४५ च्या औषध नियमांची 'अनुसूची जे' सांगते. केरळमध्ये सहा आठवड्यांत केस उगवतील या जाहिरातीला भुलून एकाने २०१२ मध्ये क्रीम घेतलं, केस आले नाहीत, त्याने दावा लावला. त्रिशूरच्या जिल्हा ग्राहक न्यायालयाने कंपनी आणि जाहिरातीतला अभिनेता या दोघांनाही प्रत्येकी दहा हजार रुपये भरायला लावले. आपण ते क्रीम कधी वापरलंच नाही, आईने केलेलं तेल लावतो, असं त्या अभिनेत्याने साक्षीत सांगितलं होतं. तेव्हा वेष्टनावर 'इतक्या दिवसांत केस' असं छापलेलं काही घेतलंच, तर बिल आणि वेष्टन जपून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.